ईटीपी बांधून झाला. आता तो रात्रीही चालावा म्हणून

कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून ईटीपी, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प, असतो. प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या, म्हणजे कन्सेंटच्या, कागदावर त्याची क्षमता घनमीटरमध्ये लिहिलेली असते, बाहेर रंगवलेला फलक असतो, पाहणीच्या आदल्या दिवशी टाक्यांना रंगाचा हात फिरवलेला असतो. नदीच्या दृष्टीने प्रश्न एकच उरतो : रात्री अडीच वाजता टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवणारा ब्लोअर चालू असतो का?

महाराष्ट्रात नियमांची वानवा कधीच नव्हती. पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पण राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्याही आधी, सप्टेंबर १९७० मध्ये स्थापन झालं होतं. पुढे १९८१ चा हवेचा कायदा आला, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, २०१६ मध्ये घातक कचऱ्याचे नवे नियम आले. तरी नियम पाळले जात नाहीत, कारण ईटीपी बंद ठेवल्याने होणारी बचत रोजची आणि हमखास असते, आणि शिक्षा लांबची आणि बेभरवशाची. उद्योगांना प्रोत्साहन द्यायचं म्हणजे हा हिशेब उलटा करायचा. कार्यशाळा, शपथा आणि वृक्षारोपण यांनी तो उलटत नाही.

आजवरची बहुतेक प्रोत्साहनं ईटीपी बांधण्यासाठी आहेत, चालवण्यासाठी नाहीत. यंत्रसामग्रीला बँक कर्ज देते, आयकरात प्रदूषण नियंत्रण उपकरणांवर ४० टक्के दराने घसारा मिळत आला आहे. वीज, चुना, पॉलिमर, गाळाची विल्हेवाट आणि ऑपरेटरचा पगार मात्र दर महिन्याला मालकाच्या खिशातून जातो. १९७७ च्या पाणी उपकर कायद्यात एक चांगली तरतूद होती : प्रक्रिया संयंत्र बसवणाऱ्याला उपकरात २५ टक्के सूट. जीएसटीच्या वेळी, २०१७ मध्ये, उपकरच गेला आणि त्याच्याबरोबर सूटही गेली.

दंडाचं गणित

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पर्यावरणीय भरपाईचं सूत्र ठरवून दिलं आहे. त्यात पाच गोष्टींचा गुणाकार असतो : प्रदूषण निर्देशांक (सर्वांत प्रदूषक लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक (१०० ते ५००, सुचवलेला २५०), उद्योगाचा आकार (सूक्ष्म-लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि गावाच्या लोकसंख्येप्रमाणे स्थान गुणक (दहा लाखांच्या आत १, त्यापुढे वाढत जाणारा). लहान गावातल्या लाल वर्गातल्या लघु उद्योगाला हे ८० × २५० × ०.५ म्हणजे दिवसाला १०,००० रुपये पडतात. नारिंगी वर्गाला ६,२५०. हिरव्याचं उत्तर ३,७५० येतं, पण दिवसाला ५,००० ही किमान मर्यादा असल्याने तेवढे भरावे लागतात.

आता दुसरी बाजू. दिवसाला ५० घनमीटर सांडपाण्याच्या प्रकल्पात पाच अश्वशक्तीचा ब्लोअर असेल, तर तो ताशी साधारण ३.७ युनिट खातो. फक्त दिवसपाळीत चालवून सोळा तास बंद ठेवला की ५९ युनिट वाचतात; दहा रुपये दर धरला तर सहाशे रुपयांच्या आसपास. सहाशेच्या बचतीसमोर दहा हजारांची भरपाई आहे. म्हणजे उल्लंघनाच्या साधारण सतरा दिवसांपैकी एक दिवस जरी पकडला आणि मोजला गेला, तरी ब्लोअर बंद ठेवणं तोट्यात जातं. अडचण दंडाच्या रकमेत नाही. सतरातला एक दिवसही पकडला जात नाही, ही अडचण आहे.

याच सूत्रात उद्योगांसाठी एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. दिवसांचा आकडा उल्लंघन दिसल्यापासून सुधारणेची खातरजमा होईपर्यंत चालू राहतो. नमुना नापास झाल्यावर दुरुस्ती आठवड्यात केली, पण मंडळाला दोन महिन्यांनी कळवलं, तर मधल्या दिवसांचा वाद स्वतःहून ओढवून घेतला. दुरुस्ती झाल्याच्या दिवशीच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्यावा आणि अहवाल हातात येताच लेखी कळवून पोच घ्यावी. ब्लोअर जळाला, टाकी फुटली, तर तेही ताबडतोब कळवावं. अपघाताने पाणी बाहेर गेल्यास माहिती देणं पाण्याच्या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे बंधनकारकच आहे. स्वतःहून कळवलेला बिघाड आणि पाहणीत सापडलेला बिघाड यांच्याकडे अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही.

खोटं कुठे उघडं पडतं

पाहणीच्या दिवशी आउटलेटमधून स्वच्छ पाणी येणं सोपं आहे. पण महिनाभराचे आकडे एकमेकांशी जुळवणं फार अवघड आहे, आणि तपासणाऱ्याने तिथेच बोट ठेवायला हवं.

सुरुवात विजेच्या मीटरपासून. ईटीपीला स्वतंत्र मीटर हवा, तोही मुख्य पॅनलमध्ये नव्हे तर ईटीपीच्या खोलीत. वरच्या उदाहरणातला ब्लोअर चोवीस तास चालला तर नुसत्या त्याचेच महिन्याला २,६५०च्या आसपास युनिट व्हायला हवेत. मीटर ९०० दाखवत असेल, तर ब्लोअर दिवसाला आठच तास चालला. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. (अपवाद आहे : विरघळलेला ऑक्सिजन बघून ब्लोअरचा वेग आपोआप कमी करणारा ड्राइव्ह बसवला असेल तर युनिट खरोखर कमी येतात. पण मग तशी नोंदही मिळते.)

नंतर चुना. प्रति लिटर ३०० मिलिग्रॅम डोस धरला तर ५० घनमीटरला रोज १५ किलो, महिन्याला ४५० किलो चुना लागतो. खरेदीची बिलं शंभर किलोची असतील, तर लॉगबुकातला डोस फक्त लॉगबुकातच पडला.

तिसरा साक्षीदार गाळ, आणि तो सगळ्यांत पक्का. दिवसाला ३० किलो कोरडा गाळ निघत असेल आणि पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधल्या वडीत (केकमध्ये) ३० टक्के घन भाग असेल, तर रोज १०० किलो केक तयार होतो. वर्षाला ३६ टन. घातक कचऱ्याच्या दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायच्या विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म ४ मध्ये, दोन टन दाखवले असतील, तर उरलेले चौतीस टन एक तर तयारच झाले नाहीत, म्हणजे प्रक्रियाच झाली नाही, किंवा ते नाल्याकाठी कुठेतरी पडले आहेत. घातक कचरा सर्वसाधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. या कारखान्यात नव्वद दिवसांत नऊ टन होतात, त्यामुळे तिमाहीला तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणच्या विल्हेवाट केंद्रात गाडी गेलीच पाहिजे आणि फॉर्म १० चा मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) फाइलमध्ये दिसलाच पाहिजे.

चौथी खूण टीडीएसची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांची. सीओडी आणि बीओडी (पाण्यातल्या घाणीची दोन मापं) खाली आणण्याचा सगळ्यांत स्वस्त गैरमार्ग म्हणजे आउटलेटच्या आधी ताजं पाणी मिसळणं. चुना, तुरटी आणि जिवाणू विरघळलेले क्षार काढत नाहीत. रासायनिक प्रक्रियेत ते उलट थोडे वाढतात. इनलेटला टीडीएस ३,००० आणि आउटलेटला ९००, आणि मध्ये आरओ नाही, तर कुठेतरी पाण्याचा पाइप जोडलेला आहे. हातातला टीडीएस मीटर यासाठी पुरतो. फील्ड ऑफिसरने सीओडीच्या अहवालाची वाट पाहण्याआधी हे दोन आकडे घ्यावेत.

लॉगबुकबद्दल एवढंच, की महिनाभर रोज पीएच ७.२ लिहिलेला असेल तर ते लॉगबुक वाचू नये. खऱ्या प्रकल्पाचे आकडे हलतात.

चालवायची इच्छा आहे, पण जमत नाही

उल्लंघन करणारे सगळे लबाड नसतात. बऱ्याच ठिकाणी मालक पैसे खर्च करतो, ऑपरेटर राबतो आणि तरी बीओडी ३० च्या खाली येत नाही. (भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा पीएच ५.५ ते ९, तरंगते घन १००, बीओडी ३०, सीओडी २५०, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम प्रति लिटर अशा आहेत. कन्सेंटमध्ये त्याहून कडक आकडे असतील तर तेच लागू.) अशा कारखान्यांना नोटीस पाठवून काही होत नाही. त्यांना प्रकल्प कसा चालवायचा ते समजावून सांगावं लागतं.

पहिली चूक समीकरण टाकीत होते, म्हणजे वेगवेगळ्या वेळी आलेलं सांडपाणी जिथे मिसळून एकसारखं होतं तिथे. आठ ते बारा तासांचं पाणी मावेल एवढी टाकी हवी आणि ती सतत ढवळली जायला हवी. प्रत्यक्षात ती गाळाने अर्धी भरलेली असते, मग उत्पादन विभागाने एखादा बाथ, म्हणजे वापरलेल्या रसायनाची टाकी, एकदम ओतला की तो तासाभरात जिवाणूंपर्यंत पोहोचतो. बाथ सोडायच्या आधी ईटीपीच्या ऑपरेटरला फोन करायचा, आणि तो घट्ट द्रव वेगळ्या पिंपात ठेवून आठवडाभर थोडा थोडा सोडायचा, एवढ्या शिस्तीनेही निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरी गोष्ट, जिवाणूंना नुसता मैला पुरत नाही. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १०० : ५ : १ लागतं. रसायन किंवा कापड उद्योगाच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस अनेकदा नसतातच. ५० घनमीटर पाण्याचा बीओडी ८०० असेल तर रोजचा भार ४० किलो. त्याला २ किलो नायट्रोजन आणि ४०० ग्रॅम फॉस्फरस हवा. दोन किलो डीएपीमधून फॉस्फरस पूर्ण मिळतो आणि थोडा नायट्रोजनही; उरलेल्यासाठी साडेतीन किलोंच्या आसपास युरिया पुरतो. पाण्यात आधीच अमोनिया असेल तर युरिया टाकू नये, नाहीतर आउटलेटला अमोनियाच नापास होईल. अंदाजाने ओतलेली पोती हे अनेक ठिकाणचं दुखणं आहे.

तिसरी चूक तीच, ब्लोअर रात्री बंद. वायुवीजन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे. तो तासन्‌तास शून्यावर गेला की गाळ काळा पडतो, वास येतो, आणि धाग्यासारखे जिवाणू माजतात. मग गाळ खाली बसत नाही, गाळ बसवायच्या टाकीवरून (क्लॅरिफायर) वाहून जातो आणि तरंगते घन नापास होतात. सकाळी ब्लोअर चालू करून हे भरून निघत नाही. बिघडलेला गाळ ताळ्यावर यायला दोन-तीन आठवडे जातात. साप्ताहिक सुट्टीलाही हेच लागू आहे. त्या दिवशी समीकरण टाकीतलं राखून ठेवलेलं पाणी थोडं थोडं देत राहावं.

ऑपरेटरला प्रयोगशाळा नको, एक लिटरचा मोजपात्र हवा. वायुवीजन टाकीतलं पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरच्या खुणेला बसला आणि वरचं पाणी नितळ असलं तर ठीक. एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यातलं गाळाचं प्रमाण, मिलिग्रॅम प्रति लिटर) ३,५०० असताना ३०० ला बसला तर गाळाचा निर्देशांक ८६ येतो, म्हणजे उत्तम; तेवढ्याच एमएलएसएसला ७०० वर अडकला तर २०० येतो, म्हणजे गाळ फुगला. दहा मिनिटांत गाळ बसला पण वर ढगाळ पाणी राहिलं, तर गाळ म्हातारा झाला आहे; थोडा काढून टाकायला हवा. रोज एकाच वेळी घेतलेला हा एक आकडा महिन्यातून एकदा येणाऱ्या अहवालापेक्षा जास्त कामाचा असतो, कारण बिघाड तो आठवडाभर आधी सांगतो.

प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यांची गोष्ट वेगळी. तिथे सगळे नाले एकत्र करणं हीच मुळातली चूक. क्रोमचं पाणी वेगळं घ्यायचं, पीएच २ ते २.५ वर आणायचा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. एक किलो हेक्झाव्हॅलंट (विषारी रूपातल्या) क्रोमियमला साधारण तीन किलो. पिवळा रंग जाऊन हिरवट आला की मगच चुना. पीएच ४-५ असतानाच मेटाबायसल्फाइट ओतलं तर अभिक्रिया इतकी मंदावते की रसायन वाया जातं आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरची मर्यादा काही गाठली जात नाही. क्रोम ८.५ च्या आसपास चांगला खाली बसतो, निकेलला मात्र १० च्या जवळपास पीएच लागतो. तेवढ्या पीएचला क्रोम पुन्हा विरघळू लागतो, म्हणून दोघांना एका टाकीत बसवताना नेहमी एकाचा बळी जातो. आणि सायनाइडचा नाला आम्लाच्या नाल्याला कुठेही भेटता कामा नये. तिथे हायड्रोजन सायनाइड वायू तयार होतो, आणि मग प्रश्न कन्सेंटचा राहत नाही, जिवाचा होतो.

धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरबद्दल थोडक्यात : दाब दाखवणाऱ्या मॅनोमीटरकडे पाहा. दाबातला फरक सहसा १०० ते १५० मिलिमीटर पाणी असतो. अचानक तीस-चाळीसवर आला तर पिशवी फाटली आहे किंवा बायपास उघडा आहे. अडीचशेवर गेला तर पिशव्या तुंबल्या आहेत. बॉयलर थंड असताना लगेच धूर आत घेतला की बाष्प साचून पिशव्यांवर राखेचा लगदा बसतो, म्हणून सुरुवातीला बायपास ठेवतात. तो नंतर बंद करायचा विसर पडतो, आणि कधीकधी हा विसर सोयीचाही असतो.

सगळ्यांत स्वस्त प्रक्रिया म्हणजे जे सांडपाणी तयारच झालं नाही त्याची. प्लेटिंगमध्ये बाथमधून जॉबबरोबर (मुलामा दिलेल्या वस्तूबरोबर) एक लिटर द्रव बाहेर येतो असं धरा, आणि तो हजारपट पातळ व्हायला हवा. एकाच टाकीत धुतलं तर हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या उलट्या प्रवाहाने जोडल्या, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथलं वाहून आलेलं पहिल्या टाकीत, तर ३२ लिटर पुरतं. तीन टाक्यांना दहा. जॉब बाथवर दहा सेकंद निथळू दिला की बाहेर येणारा द्रवच कमी होतो आणि निकेल वाचतं. मालकाशी पर्यावरणावर बोलण्याआधी निकेलच्या भावावर बोलावं. बैठक लवकर संपते.

मंडळाच्या हातात काय आहे

पाहण्या वाढवल्या की प्रदूषण घटतं, हा समज तपासला गेला आहे. गुजरातमध्ये काही कारखान्यांच्या पाहण्या जवळपास दुप्पट केल्या गेल्या, तरी सरासरी उत्सर्जन फारसं हललं नाही. नेहमीच्या पाहण्यांत अधिकारी आधीच सर्वांत वाईट कारखान्यांकडे जात होते. वाढीव पाहण्या किरकोळ उल्लंघनं करणाऱ्यांवर खर्च झाल्या.

त्याच राज्यातला ऑडिटचा प्रयोग जास्त बोलका आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ पासून तिथे कारखान्यांना दरवर्षी बाहेरच्या ऑडिटरकडून पर्यावरणीय तपासणी करून घ्यावी लागते. ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा आणि पैसेही त्यानेच द्यायचे. २००९ ते २०११ दरम्यान अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी यातल्या काही कारखान्यांसाठी पद्धत बदलून पाहिली : ऑडिटर चिठ्ठीने नेमायचा, पैसे सामायिक निधीतून ठरावीक द्यायचे, आणि काही नमुने दुसऱ्याकडून पुन्हा तपासायचे. जुन्या पद्धतीत ऑडिटरांच्या म्हणण्याप्रमाणे धूलिकणांची मर्यादा ७ टक्के कारखाने ओलांडत होते. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीत अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. दंडाची रक्कम न वाढवता हे साधलं, हे विशेष. आपल्याकडेही कारखाना स्वतः प्रयोगशाळा निवडतो आणि स्वतः बिल भरतो. ही गाठ सोडवल्याशिवाय स्वयंघोषणेवर कितीही भर दिला तरी फरक पडणार नाही.

सुरतेत २०१९ मध्ये कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांसाठी धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. धुराड्यावर सतत मोजणारी यंत्रं, एकूण उत्सर्जनाला वरची मर्यादा, आणि ज्याने कमी सोडलं त्याने उरलेले परवाने विकायचे. ३१७ कारखान्यांच्या अभ्यासात बाजारात सहभागी झालेल्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलं. इथेही पाया तोच, मोजमाप. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मंडळाने धुराड्यांच्या नमुन्यांवरून उद्योगांना एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करायला सुरुवात केली. मोठ्या कंपन्यांना एक तारा लाजिरवाणा वाटतो, कारण त्यांचे ग्राहक आणि बँका विचारतात. शेडमधल्या लघु उद्योगाला ताऱ्यांचं फारसं पडलेलं नसतं. त्याला सीईटीपीचं, म्हणजे अनेक कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रकल्पाचं, बिल समजतं.

आणि ते बिल बऱ्याचदा चुकीच्या गोष्टीवर आकारलं जातं. निव्वळ घनमीटरवर बिल आलं, तर घरी प्राथमिक प्रक्रिया करून पाणी सौम्य करणारा आणि घट्ट रसायन तसंच सोडणारा, दोघे सारखेच पैसे भरतात. बिल भारावर हवं : सीओडी गुणिले घनमीटर भागिले हजार, म्हणजे किलो. रोज ५० घनमीटर ३,००० सीओडीने सोडणारा १५० किलो पाठवतो. १,००० वर आणणारा ५० किलो. किलोला दर लावला की ईटीपी चालवल्याचा फायदा पहिल्याच महिन्यात कागदावर दिसतो, आणि पाणी मिसळून काही साधत नाही, कारण किलो तेवढेच राहतात.

त्यासाठी प्रत्येक सभासदाच्या शेवटच्या चेंबरमध्ये फ्लो मीटर आणि वाहकता (पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) नोंदवणारा लॉगर लागतो. चेंबरची किल्ली सीईटीपीकडे, कारखान्याकडे नाही. दर पंधरा मिनिटांनी नोंद, आणि महिन्यातून दोनदा न सांगता घेतलेला चोवीस तासांचा मिश्र नमुना, थंड पेटीत चार अंशांवर. वाहकतेची रेघ रात्री एक ते चारच्या दरम्यान एकाएकी उभी चढत असेल, तर पुढचा नमुना त्याच वेळी घ्यायचा. प्रोब महिन्यातून एकदा पुसून प्रमाणित द्रावणात तपासावा लागतो. त्यावर चिकट थर बसला की रेघ सपाट होते आणि सगळं आलबेल दिसतं.